रिक्त नसलेलं एकच पद

९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने कळ दाबली आणि महाराष्ट्रात एका दमात दहा सरकारी मेडिकल कॉलेजं उघडली. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ. बरोबर सहा दिवसांनी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. योगायोगावर आमचा पूर्ण विश्वास आहे. बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्याला तो ठेवावाच लागतो, कारण इथे पाऊसपाणी कसं होणार ते भेंडवळची घटमांडणी सांगते आणि पोरगं डॉक्टर होणार की नाही ते नीटची परीक्षा सांगते. दोन्ही अक्षय्य तृतीयेच्या आगेमागेच येतात. भेंडवळचं भाकीत दुसऱ्या दिवशी पहाटे कळतं, एवढाच काय तो फायदा.

तर कॉलेज आलं. जिल्ह्याला आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. आजवर आमच्याकडे जरा गंभीर पेशंटला मिळणारा हमखास उपचार म्हणजे 'रेफर'. घाटाखालचा असला तर अकोला, घाटावरचा असला तर घाटी. (औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण दवाखाना घाटीच राहिला. आजारी माणसाला एवढं सगळं नव्याने पाठ करायला वेळ नसतो.) घाटीचं कॉलेज १९५६ चं, अकोल्याचं २००२ चं. म्हणजे कापूस आणि सोयाबीन यांच्या जोडीला या जिल्ह्याने सत्तरेक वर्षं पेशंटही बाहेर पाठवले. फरक एवढाच की पेशंटला हमीभाव कुणी मागितला नाही.

आता उलटी वाहतूक सुरू आहे. दरवर्षी शंभर पोरं-पोरी बाहेरून बुलढाण्यात येणार. राज्याच्या कोट्यातली येतात तशी अखिल भारतीय पंधरा टक्क्यांतलीही येतात. त्यांतल्या एखाद्याने प्रवेशाची यादी लागेपर्यंत बुलढाण्याचं नावही ऐकलेलं नसतं. तो नकाशा काढतो, रेल्वे स्टेशन शोधतो आणि सापडत नाही. मलकापूरला उतरायचं, राजूर घाट चढायचा, की आलं. खामगाव-जालना रेल्वे होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या खासदारकीच्या किती निवडणुका त्या एका गाडीत बसून गेल्या!

कॉलेज काढायला लागतं काय? राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे शंभर जागांना ४२० खाटा आणि विषयवार प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक. खाटा टेंडर काढून येतात. प्राध्यापक टेंडर काढून येत नाहीत. त्यांच्यासाठी राज्याच्या वैद्यकीय शिक्षणात एक जुनी विद्याशाखा आहे, तिचं नाव प्रतिनियुक्ती. तपासणी जिथे, प्राध्यापक तिथे. एकाच माणसाने एका वर्षात दोन-तीन कॉलेजांच्या हजेरीपटाची शोभा वाढवली तरी कुणाच्या भुवया वर जात नाहीत. तपासणी पथक निघालं की टेबलावरच्या नावाच्या पाट्याही निघतात.

आयोगाला हे कळत नाही असं नाही. त्याने आधी अंगठा मागितला, मग मे २०२५ पासून चेहरा मागितला. आधारला जोडलेला आणि जीपीएससकट. राज्यातल्या अनेक सरकारी कॉलेजांना कारणे दाखवा नोटिसाही गेल्या. कारणं सगळ्यांना ठाऊक होती, दाखवायची तेवढी राहिली होती. त्याच वर्षीच्या नियमांत आणखी एक वाट काढली गेली: २२० किंवा त्याहून जास्त खाटांच्या सरकारी दवाखान्यातला अनुभवी तज्ज्ञ आता सहायक प्राध्यापक होऊ शकतो. काल ओपीडीत 'चला, पुढचा' म्हणणारे डॉक्टर आज 'गुड मॉर्निंग, स्टुडंट्स' म्हणू शकतात. या नियमावर पुष्कळ नाकं मुरडली गेली. मला तो त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो. त्या माणसाला शिकवता येईल की नाही ते पुढे बघू, पेशंट तर त्याने पाहिलेला असतो.

बाकी, दुरून स्वखुशीने येऊन बुलढाणा जिल्ह्यात राहिलेला आणि कागदोपत्री नोंद असलेला एकच नामांकित आम्हाला आठवतो, टिपेश्वरचा सी-वन वाघ. २०१९ साली गळ्यात पट्टा बांधून तेराशे किलोमीटर चालत तो ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. ना बदलीचा आदेश, ना प्रतिनियुक्तीचा भत्ता. आणि हजेरी उपग्रहावरून, आयोगाने मुका घ्यावा अशी.

पण पदांच्या या सगळ्या तक्त्यात एक पद असं आहे की ते आकृतिबंधात नाही, त्याची जाहिरात निघत नाही, त्याला वेतनश्रेणी नाही, आणि तरीही ते एक दिवस रिक्त राहत नाही. ते पद पेशंटचं. नव्या कॉलेजात मेडिसिनचा प्राध्यापक असो नसो, दमा हजर असतो. सर्जरीचा विभागप्रमुख रजेवर असो, अपेंडिक्स रजा टाकत नाही.

शिकवणारा खरा तोच, आणि पहिल्या वर्षी तर हा शिक्षक मेलेलाच असतो. पोरं शवासमोर उभी राहून शपथ घेतात, हा आमचा पहिला गुरू म्हणून हात जोडतात. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात म्हणून म्हणा की आणखी कशाने, त्या दिवशी बऱ्याच जणांचे डोळे ओले असतात. पुढे त्याच टेबलाशी उभं राहून डब्यात काय आणलंय याची चर्चा होते. याला कोणी निर्ढावणं म्हणेल. मी म्हणत नाही. अठरा वर्षांच्या पोराने वर्षभर रोज गहिवरायचं ठरवलं तर त्याला हाताच्या नसा कधी पाठ व्हायच्या? गावाकडे मात्र त्याचा भाव वधारलेला असतो. दिवाळीला घरी आला की चुलत्याचा शुगरचा रिपोर्ट, आजीच्या गुडघ्याचा एक्स-रे आणि शेजारच्या म्हशीचं न खाणं हे सगळं एकाच ओट्यावर मांडलं जातं. त्याला अजून फक्त निरोगी माणूस शिकवलेला असतो, आणि गावात तसा कुणी सापडत नाही.

खरी गंमत दुसऱ्या वर्षापासून, पोस्टिंग लागलं की. सकाळी साधारण नऊ ते बारा वॉर्ड. आधी मेडिसिन, मग सर्जरी, मग बाळंतपणाचा वॉर्ड, मग डोळे, कान-नाक-घसा. अंगात कडक इस्त्रीचा ॲप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप. हा स्टेथोस्कोप वॉर्डात गळ्यात असतो, चहाच्या टपरीवर गळ्यात असतो आणि फोटोतही गळ्यात असतो. कानात तो कधीकधी असतो. वॉर्डात सगळ्यात आधी त्यांना ओळख होते ती मामा आणि मावशीची. कुठल्या बेडवर 'चांगली केस' आहे हे मामांना कळतं तितकं रजिस्ट्रारलाही कळत नाही. चांगली केस म्हणजे ज्याचं फार वाईट चाललंय असा माणूस.

ओळखीतले एक आजोबा मध्यंतरी हर्नियासाठी भरती होते. कुठल्या दवाखान्यात ते जाऊ द्या, बाजूला टीचिंग होतं एवढं पुरे. मी डबा घेऊन गेलो तेव्हा बेडभोवती ॲप्रनचं कोंडाळं. एक पोरगा वही उघडून विचारतो, "बाबा, काय त्रास आहे तुम्हाला?"

आजोबांनी उशी नीट केली. "तू तिसरा होय सकाळपासून. बस. लिहून घे. दोन वर्षं झाले, उजव्या जांघेत गोळा. खोकललं का बाहेर येते, आडवं झालं का आत जाते. दुखत नाही. उलटी नाही. संडास साफ. रात्री लघवीले दोनदा उठतो, ते तू इचारशीनच. बिडी होती, पाच वर्षं झाले सोडली. पोतं उचलणं अजून सुरू हाये."

पोराचं पेन धावत होतं. हर्नियाच्या पेशंटला लघवी, खोकला आणि ओझं हे तीन प्रश्न विचारायचे असतात, हे त्याला पुस्तकाने सांगितलं होतं; आजोबांना बाकीच्या पोरांनी. मग तपासणी. पोरगा म्हणाला, "झोपा बाबा."

"आधी उभं कर मले. झोपवूनच पाह्यलं त सर ओरडतात."

आजोबा उभे राहिले. पोराने अंगठा ठेवला. "खोका."

"हलकं का जोरात? थांब. अंगठा वर घे. आणखीन वर. कालच्या पोरीनं बराबर ठेवला होता." आणि अंगठा जागेवर बसल्यावर खोकून, गोळा बाहेर आला नाही हे स्वतःच वाकून पाहून म्हणाले, "पाह्य. दाबून धरल्यावर नाही आला ना बाहेर? म्हणून हे इनडायरेक. आलं असतं त डायरेक."

मग सर आले. पोरगा हात मागे बांधून सुरू झाला, सिक्स्टी-एट इयर ओल्ड मेल, फार्मर बाय ऑक्युपेशन. सरांनी दोन प्रश्न विचारले, पोरगा दोन्ही चुकला. आजोबांच्या ओठांची चुळबुळ मला दिसत होती. हात वर करायचा तेवढा बाकी होता. सरांनी पोराची सालटी काढली, बेडच्या पायथ्याचा कागद उलटसुलट केला आणि कोंडाळं पुढच्या बेडवर सरकलं. आजोबा माझ्याकडे वळले. "काय म्हणले रे? ऑपरेशन कधी हाये माहं?"

आपला हर्निया इनडायरेक्ट आहे हे त्यांना ठाऊक होतं. आपलं ऑपरेशन कधी आहे हे ठाऊक नव्हतं. दहा-बारा जणांनी त्यांना प्रश्न विचारले होते आणि एकानेही त्यांचा एक प्रश्न घेतला नव्हता.

यावर अभ्यासक्रमात उपाय नाही असं समजू नका. २०१९ पासून देशभर नवा, क्षमताधारित अभ्यासक्रम आहे आणि त्यात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे, पोरं त्याला एटकॉम म्हणतात. पेशंटशी कसं बोलावं यावर वर्ग होतात, गट पाडून चर्चा होतात, कुणी पेशंटचं काम करतं, कुणी डॉक्टरचं. वर्गात सगळे फार सुंदर बोलतात. शेवटी लॉगबुकात सही होते: सहानुभूती, पूर्ण. लॉगबुक ही या शिक्षणातली सर्वांत ओझ्याची वस्तू आहे. टाके घालणं बघितलं, सही. टाके घालायला मदत केली, सही. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सरांच्या केबिनबाहेर जी रांग लागते तशी रांग ओपीडीतही नसते, आणि सरांची सही त्या दिवशी इतकी सपाट होते की ती बघून हृदयरोगतज्ज्ञाने धावत यावं.

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आमच्याकडच्या कॅज्युअल्टीत रात्री उभं राहिलेल्या पोराला एक पेशंट फार लवकर ओळखता येऊ लागतो. घामाने न्हालेला, तोंडाला फेस, श्वासाला घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, कपड्यांना लसणासारखा उग्र दर्प. डॉक्टरने टॉर्च काढेपर्यंत सिस्टरने अॅट्रोपिनच्या अँपुल फोडायला घेतलेल्या असतात. कपडे काढा, अंग धुवा, सलाईन लावा, छाती कोरडी होईपर्यंत अॅट्रोपिन. पश्चिम विदर्भातल्या दवाखान्यांना हे शिकवायला पुस्तक लागत नाही. सोबत आलेला भाऊ पिशवीतून कीटकनाशकाची बाटली काढून दाखवतो आणि खाली बघत म्हणतो, "फवारताना गेलं तोंडात." रात्री अकराला. पोरगा वर बघतो, सिस्टर नजरेने त्याला गप्प करते, आणि तो लिहितो: फवारणीच्या वेळी अपघाताने. एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, नोंदली जाते. पोलीस सकाळी येतात.

अॅट्रोपिनचा डोस फार्मकॉलॉजीत आहे. विषाचा प्रकार आणि पंचनामा फॉरेन्सिकमध्ये आहे. मनाचं जे झालं ते सायकियाट्रीत आहे, मोजक्या आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये. कर्ज कुठल्याच विषयात नाही.

(सायकियाट्रीचा विषय निघालाच आहे तर एवढंच: कॉलेजात तिला मोजके आठवडे आणि सैलानीच्या दर्ग्याला बारा महिने. होळीच्या आगेमागे यात्रेला येणाऱ्या गाड्यांत 'बाहेरचं झालंय' म्हणून आणलेली जी माणसं असतात, ती बघायला पोरांनी एकदा ॲप्रन न घालता जावं. ॲप्रन घातला की समोरचा माणूस खरं सांगायचा बंद होतो.)

आता कम्युनिटी मेडिसिन. पोरांचा हा सगळ्यात नावडता विषय. पीएसएम म्हणतात, आणि त्याच्या तासाला झोपण्याची परंपरा कुठल्याही नव्या कॉलेजात पहिल्या दिवसापासून असते, ती तपासणीलाही सापडते. पण बुलढाण्याच्या पहिल्या बॅचचं नशीब असं की कॉलेज उघडून तीन महिने होतात न होतात तोच जिल्ह्याने तिला असा धडा काढून दिला की जगातल्या कुठल्या विद्यापीठाला जमला नसता. डिसेंबर २०२४ संपता संपता शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस जायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग हात फिरवला की केस मुठीत यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पोरं, म्हातारे, सगळे. टीव्हीवाल्यांनी सूक्ष्मदर्शकाचं तोंडही न बघता 'टक्कल व्हायरस' शोधून काढला. मग शाम्पू दोषी ठरला. मग बुरशी. मग पाणी, त्यातलं नायट्रेट. दिल्लीहून, चेन्नईहून पथकं आली, आयसीएमआरची माणसं आली, केसांचे, रक्ताचे, पाण्याचे नमुने गेले. गावातल्या पोरांची ठरलेली लग्नं अडली. बोंडगावची सोयरीक नको म्हणायला लोकांना अहवालाची वाट बघावी लागली नाही.

आणि मग महाडहून हिंमतराव बावस्कर आले. चुकून कुणाला ठाऊक नसेल तर: हे विंचवाचे बावस्कर. आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं देहेड हे त्यांचं गाव. कोकणात प्राथमिक आरोग्य केंद्रावर नोकरी करताना लाल विंचवाच्या दंशाने माणसं डोळ्यांदेखत मरताना पाहिली, बेडशेजारी रात्र-रात्र बसून लक्षणं टिपली, आणि १९८२ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन वापरून मृत्यू खाली आणले. २०२२ साली पद्मश्री. त्यांच्यापाशी ना मेडिकल कॉलेज होतं, ना सहयोगी प्राध्यापक, ना लॉगबुक. पेशंट होता आणि त्याच्याकडे बघत बसायची तयारी होती. वयाच्या सत्तरीपलीकडे हा माणूस बोंडगावात आला, घराघरांतून काय खाल्लं ते विचारलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. गव्हात, रक्तात, केसांत सेलेनियम भरमसाट. पुढे काही जणांची नखंही गळाली.

सेलेनियम हे पहिल्या वर्षाच्या बायोकेमिस्ट्रीत असतं. शरीराला अगदी नखभर लागणारी खनिजं, त्या यादीत आयोडीन-जस्ताच्या खाली, परीक्षेला फारसं न येणारं म्हणून पोरं ज्या ओळी सोडून देतात त्यांतलं एक. तेच वर्ष, तोच विषय, तोच जिल्हा. कॉलेजपासून शेगाव एसटीने दुपारच्या जेवणाआधी पोचण्याएवढं. अशा वेळी शिक्षकाने काय करायचं असतं? वर्ग बंद, पुस्तक बंद, बस काढा, प्रत्येकाला एक घर, विचारा काय खाता, कुठून आणता, कधीपासून. साथरोगाचा अख्खा विषय चार दिवसांत शिकवून झाला असता आणि शेवटी कचोरी खाऊन परत. कोणत्या कॉलेजाने कोणती बस काढली हे मी विचारत फिरलो नाही. अभ्यासक्रमात त्या आठवड्याला काय छापलेलं असणार याचा अंदाज मात्र मला आहे.

बस निघतच नाही असं नव्हे. कुटुंब दत्तक योजना आहे ना. आयोगाच्या नियमाने प्रत्येक विद्यार्थ्याने तीन ते पाच कुटुंबं दत्तक घ्यायची आणि शिक्षण होईतो त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं. कल्पना चांगली आहे आणि आपल्या विदर्भातलीच आहे. सेवाग्रामच्या कॉलेजात १९६९ पासून नव्या बॅचची पोरं एखाद्या गावात पंधरा-पंधरा दिवस मुक्काम टाकतात, तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. आयोगाने कल्पना उचलली आणि मुक्काम गाळला. आता पांढरी बस येते, पोरं उतरतात, वजन, उंची, बीपी, 'संडास आहे का', 'गॅस आहे का', सेल्फी, बस जाते. घरातली म्हातारी दारात येऊन विचारते, "याचे पैसे खात्यात येतीन का?" तिचं काही चुकत नाही. तिच्या अनुभवात आधार कार्ड मागणारी प्रत्येक गोष्ट योजनाच असते. चहा तिच्या घरचा, साखर तिच्या घरची, माहिती तिच्या घरची. दत्तक कोणी कोणाला घेतलं हा प्रश्न मला त्या कपांकडे बघून पडतो.

संग्रामपूर आणि जळगाव जामोदला जायला तर घाट उतरून पार सातपुड्याच्या पायथ्याला जावं लागतं. पूर्णेकाठचा तो खारपाणपट्टा, जिथलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथे किडनीने गेलेली माणसं गल्लीगल्लीत आहेत. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा तालुके ओलांडणारी माणसं आहेत. एका डायलिसिसला चार तास लागतात, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. असा माणूस दत्तक मिळालेल्या पोराने तीन वर्षं नुसतं त्याच्या सोबत एसटीत बसायचं ठरवलं तरी नेफ्रॉलॉजी, अर्थशास्त्र आणि परिवहन महामंडळ तिन्ही विषयांत तो तरबेज होईल. फॉर्ममध्ये मात्र 'पाण्याचा स्रोत' या रकान्यात खूण करायची सोय आहे आणि 'पाण्याची चव' हा रकानाच नाही.

शेवटच्या वर्षाचं काय विचारता! तोवर पोरगं वॉर्डातून उडालेलं असतं. शरीराने हजर असतं, हजेरी ऐंशी टक्के लागते ना. पण ॲप्रनच्या खिशातल्या मोबाइलवर पीजी-नीटच्या ॲपचे व्हिडिओ दीडपट वेगाने चालू असतात. समोरच्या खाटेवर जिवंत मायट्रल स्टेनोसिस झोपलेला, आणि हा स्क्रीनवर मायट्रल स्टेनोसिसचा प्रश्न सोडवतोय, चार पर्यायांतून. बिचाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. पीजीच्या जागा ठरवणारी परीक्षा छातीला कान लावून होत नाही. मग इंटर्नशिप, मग एक वर्षाचा बॉण्ड, नाहीतर दहा लाख भरा. दहा लाख भरणारा बाप प्रत्येक बॅचमध्ये असतो, आणि त्याने ते पैसे पोराला खेड्यापासून वाचवण्यासाठी भरलेले असतात. त्याच खेड्यातल्या चार जणांच्या चहावर पोराचं लॉगबुक पुरं झालेलं असतं.

विद्यापीठाच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक येतात. त्यांना प्रवासभत्ता, मानधन, दुपारचं जेवण, आणि आपल्याकडे पाहुणा आलाय म्हटल्यावर संध्याकाळी शेगावचं दर्शन. परीक्षेला केस लागतात म्हणून चांगल्या लिव्हरवाल्याला, मोठ्या प्लीहावाल्याला, हर्नियावाल्याला हाताशी धरून ठेवावं लागतं. दिवसभर पन्नास हात त्याचं पोट दाबतात. परीक्षकाने दिलेले गुण नाशिकला विद्यापीठात जातात. ज्याचं पोट दाबलं त्याला कुणी विचारत नाही की बाबा, यांतल्या कुणाचे हात थंड होते, कुणी चादर परत अंगावर ओढली, आणि तुझ्या पोरीला कोणाकडे पाठवशील.

म्हणून माझी एक किरकोळ सूचना आहे. लॉगबुकात सरांच्या सहीशेजारी एक चौकोन आखावा आणि तिथे पेशंटची सही घ्यावी, सही येत नसेल तर अंगठा. एकाच वाक्याखाली: 'मला काय झालंय आणि पुढे काय करणार, ते या पोराने मला सांगितलं.' ऑपरेशनची तारीख सांगितली असली तर दोन गुण जादा. आजोबांसारख्या अनुभवी माणसाला तोंडी परीक्षेला बाह्य परीक्षकाच्या शेजारची खुर्ची द्यायलाही माझी हरकत नाही.

सूचना एका निवृत्त अधिष्ठात्यांच्या कानावर घातली. त्यांनी मन लावून ऐकली, चष्मा पुसला आणि एकच शंका काढली: अंगठा आधारला जोडलेला लागेल ना?